जुनी बरणी आधी

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी आयडेलाच्या स्वयंपाकघरात सकाळपासून फरसबीच फरसबी होती. टेबलावर, खुर्च्यांवर, सिंकमध्ये, आणि कुठेच मावेना म्हणून जमिनीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावरसुद्धा. सात वर्षांची टेसी टेबलाखाली बसून शेंगांची टोकं मोडत होती आणि मधूनच एखादी कच्ची शेंग तोंडात टाकत होती.

"खाऊ नकोस गं, पोटात दुखेल," आयडेला म्हणाली.

"खाऊ दे तिला," सासूबाई शेगडीपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या. "माझ्यावर गेलीय. मलाही मांसापेक्षा शेंगाच गोड."

व्हर्नाबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. अंगानं काटकुळ्या, पण जड बरण्यांनी भरलेलं ते भलंमोठं प्रेशरचं भांडं अजून एकट्या उचलत. धुळीच्या वादळांच्या त्या काळ्या दुष्काळात, कॅन्ससमध्ये, त्यांचा धाकटा भाऊ अन्नावाचून त्यांच्या मांडीवर गेला होता. तेव्हापासून त्यांच्या हातून अन्नाचा कण वाया गेला नाही. मॉन्टानातल्या आमच्या खोऱ्यात त्यांच्यासारखं भाजी वर्षभर टिकेल अशी बरण्यांत भरून ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं. बरणीवर तारीख लिहायची, नवी मागे ठेवायची, जुनी पुढे ओढायची. "जुनी बरणी आधी," हे त्या दिवसातून दहादा म्हणत. टेसी तर बाहुल्यांच्या खेळातही तेच म्हणे.

झाकणावरचा दाबाचा काटा बारा पौंडांवर येऊन थांबला. आयडेलाची नजर त्या काट्यावरच होती.

"आई, यंदा हे झाकण जत्रेत नेऊ या का? ऑस्बीबाई काटा तपासून देतात. पाच मिनिटांचं काम."

व्हर्नाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आणि मग ती विचारेल, किती बरण्या भरल्या? वहीत लिहून घेईल. ब्रदर काय म्हणाले, विसरलीस?"

आयडेला विसरली नव्हती. चर्चमधले ब्रदर हॉलिस दर रविवारी तेच सांगत. जग बुडायचा तो दिवस आला की सरकारची माणसं याद्या घेऊन दारोदार फिरतील. आज बरण्या मोजतील, उद्या उचलून नेतील. सरकारी माणसाला शिधा दाखवायचा नाही. आणि ऑस्बीबाई तर जिल्ह्याच्या शेतकी खात्याच्या. तीस वर्षं जत्रेत एका छोट्या टेबलामागे बसून त्या बायकांचे काटे तपासत आल्या होत्या. पण ब्रदर बोलल्यापासून आमच्या खोऱ्यातली एक बाई त्या टेबलाकडे फिरकली नव्हती.

आयडेला बारा वर्षांची असताना याच ऑस्बीबाईंच्या मुलींच्या मंडळात शिकली होती. पहिल्या नंबरची निळी फीतही मिळवली होती. बाईंचं बोलणं तिला अजून पाठ होतं. "काटा खोटं बोलतो, मुलींनो, आणि दाब कमी पडला तर बरणीतलं विष मरत नाही. वर्षातून एकदा तरी त्याची उलटतपासणी घ्या. आणि शेंगा असोत, मका असो, बरणी उघडली की खदखदून उकळल्याशिवाय जिभेला लावायची नाही. ते विष डोळ्यांपासून सुरू होतं आणि श्वासापाशी संपतं."

हे सगळं ती तेव्हा सासूला सांगू शकली असती. ती गप्प राहिली. दारात नवरा उभा होता, घरात शांतता होती, आणि काटा तर बारा दाखवतच होता.

*

ऑर्व्हल वाईट माणूस नव्हता. लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करायचा, दारूला शिवायचा नाही, टेसीला खांद्यावर बसवून ओढ्यापर्यंत न्यायचा. पण गिरणी बंद पडायची बातमी आली, शेजारचा तरुण मुलगा परदेशातल्या लढाईतून शवपेटीत परत आला, रेडिओवर अण्वस्त्रांची रोज नवी बातमी यायला लागली, आणि नेमका त्याच वर्षी ब्रदर हॉलिस खोऱ्यात आले. भ्यालेल्या माणसाला कुणी "भिऊ नकोस" म्हटलं तर त्याचा राग येतो. "भी, आणि मी सांगतो तसं कर" म्हणणारा मात्र आपला वाटतो.

ब्रदरनी पहिली तारीख दिली तेव्हा सगळे चर्चमध्ये बसून राहिले. काही झालं नाही. ब्रदर म्हणाले, आपल्या प्रार्थनेनं दिवस पुढं ढकलला. दुसऱ्या तारखेपर्यंत घरोघरी मागच्या अंगणात लपायचे खड्डे झाले होते. ऑर्व्हलनं गाई विकल्या, आयडेलाच्या माहेरचा पियानो विकला आणि तेलाची एक जुनी लोखंडी टाकी आणून टेकडीत पुरली. आत फळ्यांच्या चार पलंगड्या, बरण्यांची मांडणी, हवेची नळी, सहा पायऱ्या आणि वर जाड लोखंडी दार. त्या खेपेला तिसऱ्याच दिवशी शेजारी हाका मारत आले, "अरे बाहेर या, काही नाही झालं!" आणि लोक डोळे चोळत वर आले.

ब्रदर त्यावर फार चिडले. आता तिसरी तारीख होती, मे महिन्यातली. या खेपेला नियम कडक होते. एकवीस दिवस दार उघडायचं नाही. शेगडी दिवसातून एकदाच. आणि सगळ्यांत मोठा नियम छापील कागदावर जाड अक्षरांत होता: बाहेरून ओळखीचा आवाज आला, आईचा, बायकोचा, लेकराचा, तरी उघडायचं नाही. तो आवाज त्यांचा नसेल.

मेमधल्या त्या सकाळी आयडेलानं चादरी धुऊन दोरीवर घातल्या. वारा छान होता. घरात टेलिफोन तीनदा वाजून थांबला. ब्रदरनी ठरवलेली खूण तीच होती. ऑर्व्हल धावत बाहेर आला.

"चल. टेसी कुठाय?"

"एवढे कपडे काढते, मग..."

"कपडे?" ऑर्व्हल तिच्याकडे बघतच राहिला. "कुणासाठी काढतेस आयडेला? कोण घालणारे ते?"

तिनं चिमट्यांची टोपली गवतात ठेवली आणि टेसीचा हात धरला.

*

टाकीत दिवस आणि रात्र असं काही नव्हतं. एक कंदील होता आणि ऑर्व्हलचं मनगटी घड्याळ होतं. पहिल्या दुपारी व्हर्नाबाईंनी मांडणीतली पुढची बरणी काढली. ऑगस्टमधली फरसबी. ती आजी आणि नातीसाठी, कारण चावायला मऊ. नवराबायकोसाठी सुकवलेलं हरणाचं मांस आणि बिस्किटं. झाकण निघालं तशी व्हर्नाबाईंनी बरणी नाकाशी नेली. क्षणभर थांबल्या. मग दोन ताटल्यांत शेंगा वाढल्या.

"आई, जरा उकळून घेऊ का?" आयडेलानं विचारलं.

"शेगडी सकाळी पेटलीय एकदा."

"पण घरी आपण तासभर शिजवतोच की."

"घरी!" ऑर्व्हल मध्येच म्हणाला. "घर राहिलंय का अजून वर? एकवीस दिवस गॅस पुरवायचाय. नियम म्हणजे नियम."

टेसीनं पाणीसुद्धा पिऊन टाकलं ताटलीतलं. "जुनी बरणी आधी!" म्हणून आजीला टाळी दिली. आयडेला पुन्हा गप्प बसली. ही दुसरी खेप.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेसी चित्रं काढत होती. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि आईकडे टक लावून पाहिलं.

"आई, तुला दोन तोंडं झालीत."

"चावट कुठली!"

"खरंच. दोन नाकं. आजीला पण दोन." ती हसली. हसताना तिच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली आली ती वर गेलीच नाही.

संध्याकाळपर्यंत तिला पाणी गिळता येईना. घोट नाकातून बाहेर येई. ताप नव्हता, पोटदुखी नव्हती. पोर पूर्ण शुद्धीवर होती, सगळं समजत होतं, फक्त तिची मान धरवत नव्हती. व्हर्नाबाई पलंगडीवरून उठायला गेल्या आणि पाय दुमडून खाली बसल्या. बोलायला लागल्या तर जीभ जाड झालेली.

ऑर्व्हलनं कंदिलाजवळ ब्रदरचा कागद धरला. "हे बघ. हे बघ, लिहिलंय. 'हवेतलं विष प्रथम डोळ्यांना लागेल.' नळीतून आत आलंय ते." आणि तो उठून चिकटपट्टीनं हवेची नळी बंद करायला लागला.

"ऑर्व्हल, हवेचं असतं तर मला झालं असतं. तुला झालं असतं. दोघींनीच शेंगा खाल्ल्यात!"

"ऑस्बीबाईनं भरवलेलं डोकं तुझं. वीस वर्षं झाली, उतरत नाही."

"नळी सोड! निदान ती तरी सोड, श्वास घेऊ दे त्यांना!"

त्यानं नळी अर्धी उघडी ठेवली. एवढंच तिला मिळवता आलं. मग तो पायऱ्यांवर जाऊन बसला, दाराला पाठ लावून. कुलपाची किल्ली त्याच्या गळ्यात होती.

आयडेला टेसीला छातीशी धरून बसली आणि तिचे श्वास मोजत राहिली. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा उथळ होत होता. तिच्या मनात दोन भीती एकमेकींशी झगडत होत्या. जग खरंच जळालं असेल तर दार उघडल्यावर चौघं मरणार. जग जळालं नसेल तर दार बंद ठेवून ही पोर मरणार, बाहेर ऊन पडलेलं असताना, वीस मैलांवर डॉक्टर असताना. सहा वर्षं ऐकलेलं मनातून असं सहज जात नाही. तिलाही त्या दाराची भीती वाटत होती. नव्हती असं मी म्हणणार नाही.

घड्याळात सकाळचे नऊ वाजले तेव्हा ती उठली.

"किल्ली दे."

"नाही."

"ऑर्व्हल, ही जातेय."

"मला दिसतंय!" तो ओरडला, आणि मग एकदम रडायला लागला. "मला दिसत नाही का? पण उघडलं तर तूही जाशील. मी तिघींना कसा जाऊ देऊ? कुणी तरी एक राहू दे ना मला."

तेव्हा पलंगडीवरून व्हर्नाबाईंनी भिंतीवर हात आपटला. शब्द फुटायला वेळ लागत होता, पण एकेक करून त्यांनी ते बाहेर ढकलले.

"ऑर्व्हल. मला वास आला होता."

"काय?"

"बरणीला. वास होता. मला कळलं. तरी वाढली." त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या पूर्ण मिटल्या होत्या, बोटानं एक पापणी वर धरून त्या मुलाकडे बघत होत्या. "टाकवेना. भाऊ गेला होता ना उपाशी. टाकवेना रे. हे बाहेरचं नाही. माझ्या हातचं आहे. दार उघड."

ऑर्व्हल हलला नाही.

आयडेला त्याच्यासमोर खाली बसली. "ऐक. मी आणि टेसी दोघीच जातो. माझ्यामागे लगेच लाव दार. बाहेर विष असलं तर आम्ही मरू, तुम्ही वाचाल. काही नसलं तर मी दारावर तीनदा ठोकीन. मग आईंना घेऊन ये. एवढं तरी कर."

"तुझ्या पोटची पोर आहे ती," व्हर्नाबाई पुटपुटल्या. "माझा असशील तर उघड."

त्यानं तोंडावर ओला टॉवेल बांधला, आईच्या तोंडावरही बांधला, आणि किल्ली लावली. दार हातभर उघडलं. आयडेला टेसीला घेऊन त्या फटीतून बाहेर पडली आणि मागे लोखंडावर लोखंड आपटलं.

ऊन होतं.

दोरीवर चादरी होत्या. वाळून कडक झालेल्या, वाऱ्यानं एक चिमटा निघालेला. कुंपणाशी शेजाऱ्याची तांबडी गाय उभी होती आणि चिमट्यांची टोपली चाटत होती. खालच्या रस्त्यावर कुठेतरी ट्रकनं गिअर बदलला. आयडेला जन्मात कधी इतकी चिडली नव्हती जितकी ती त्या गाईकडे पाहून चिडली.

तिनं दगड उचलून दारावर मारला. एक, दोन, तीन.

"ऑर्व्हल! उघड! सगळं आहे तसंच आहे! चादरी आहेत दोरीवर! ऑर्व्हल, गाय आहे इथे, मॅकेनाची गाय! आईंना आण!"

आतून आवाज आला, पण तो दुसरा अडसर सरकवल्याचा होता.

तिला जाड अक्षरांतला तो नियम आठवला. आपला आवाज आता आत आपला राहिलेला नाही, हे तिला कळलं. तिनं पुन्हा तीनदा ठोकलं. टेसीच्या गळ्यातून घरघर आली. मग तिनं दगड टाकला आणि उतारावरून रस्त्याकडे धावत सुटली.

ओंडक्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर दणकट, लाल दाढीचा होता. बाईच्या अंगावर दोन दिवसांचे कपडे आणि हातात मान टाकलेली मुलगी पाहून त्यानं भर उतारावर ब्रेक लावला.

"काय झालं बाई? अपघात?"

"जग... सगळं ठीक आहे का? शहर आहे का?"

"शहर?" त्यानं ट्रकचं दार ढकलून उघडलं. "काल तिथंच बसून बेसबॉल ऐकलाय मी. हरले आपले. चढा वर, लवकर चढा."

*

आयडेलानं इस्पितळाच्या दारातच डॉक्टरला सांगितलं, "घरची फरसबी, न उकळलेली, डोळ्यांपासून सुरू झालं." त्या सहा-सात शब्दांनी टेसी वाचली, असं डॉक्टर पुढे म्हणाले. उताऱ्याचं औषध विमानानं आलं. पाच आठवडे यंत्रानं तिच्यासाठी श्वास घेतला.

शेरीफची माणसं दुपारीच टाकीपाशी पोचली. त्यांनी हाका मारल्या, कागद सरकवले, आयडेलाच्या हातची चिठ्ठी नळीतून आत टाकली. आतून ऑर्व्हल मोठ्यानं भजनं म्हणत होता. दार कापायचं यंत्र दुसऱ्या गावाहून यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. दार निघालं तेव्हा व्हर्नाबाईंना जाऊन काही तास झाले होते. मुलगा त्यांचा हात हातात घेऊन बसला होता. शेरीफला पाहून तो घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला, "लवकर आत या. आणि दार लावून घ्या."

दफनाच्या दिवशी चर्च भरलं होतं. ब्रदर हॉलिस चांगलं बोलले. ते नेहमीच चांगलं बोलत. व्हर्नाबाईंच्या बलिदानामुळे तो दिवस टळला, म्हणाले. पण टळला तो फक्त ऑक्टोबरपर्यंत. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावर ऑर्व्हल खाली मान घालून बसला होता, आणि त्याचीही मान हलली.

ते पाहून आयडेला उठली. काळ्या पिशवीतून तिनं एक बरणी काढून ब्रदरच्या समोरच्या टेबलावर ठेवली. शेजारी चमचा ठेवला.

"ही त्याच गुरुवारची आहे. त्याच भांड्यातली. झाकण मी उघडते."

"लेकी, दुःखानं तुझं मन..."

"उकळायची नाही, ब्रदर, तुमचाच नियम. शेगडी दिवसातून एकदाच. जुनी बरणी आधी. तुमचाच नियम. पहिला घास तुमचा."

ब्रदरनी बरणीकडे पाहिलं, मग लोकांकडे. "देवाची परीक्षा पाहू नये."

"देवाची नाही पाहत. तुमची पाहतेय."

"खा की ब्रदर," मागच्या बाकावरून मॅकेनाची बायको म्हणाली. साधी, अबोल बाई. सगळ्यांनी वळून पाहिलं. "आमची पोरं खातात ना."

ब्रदर हॉलिसनी पवित्र ग्रंथ मिटला आणि बाजूच्या दारानं निघून गेले. चमचा होता तिथेच राहिला.

इथे मला लिहिता आलं असतं की खोरं जागं झालं. तसं झालं नाही. निम्मे लोक ऑक्टोबरमध्येही जमिनीखाली गेले. काही आजही जातात. तारखा सांगणारे बदलतात एवढंच. जग बुडेल तेव्हा बुडेल. पण त्याच्या धास्तीनं ज्या घरात शेगडीवरची शेंग उकळायची राहते आणि आपल्याच माणसाचा आवाज परका वाटतो, ते घर त्याआधीच बुडालेलं असतं.

त्या ऑगस्टच्या जत्रेत आयडेला ते झाकण घेऊन ऑस्बीबाईंच्या टेबलापाशी गेली. बाई खूप थकल्या होत्या. त्यांनी झाकण आपल्या तपासणीच्या नळीला लावलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बारा दाखवतो. खरा दाब आहे सात." मग हळूच म्हणाल्या, "कधीपासून असेल गं?"

"माहीत नाही बाई. मला झाकण आणायचं होतं. मी आणलं नाही."

ऑस्बीबाईंनी काही उपदेश केला नाही. टेबलाखालून तपासणीची दुसरी नळी काढून तिच्या हातात दिली. "मला आता डोंगर चढवत नाही," एवढंच म्हणाल्या.

पुढची छत्तीस वर्षं आयडेला ती नळी घेऊन खोऱ्यातल्या घरोघर फिरली. वही कधी नेली नाही; कुणाच्या किती बरण्या, हे तिनं कधी विचारलं नाही. कुणी तोंडावर दार लावलं, एकानं कुत्रं सोडलं. ती पुढच्या वर्षी पुन्हा जाई. टेसी मोठी झाली. तिचा आवाज जरा घोगरा राहिला, तेवढंच.

आणि ऑर्व्हल? त्या दिवशी ठोकलेलं ऐकूनही तू का उघडलं नाहीस, हे आयडेलानं त्याला एकदाही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पण त्यानंतर त्याच्या घराचं दार कुणी बंद पाहिलं नाही. जानेवारीत, ओढा गोठलेला असताना, तो अंगाभोवती घोंगडी गुंडाळून उघड्या दारात खुर्ची टाकून बसे.

म्हातारा मॅकेना जाता-येता चिडवायचा, "ऑर्व्हल, एकट्याच्या चुलीवर सगळं खोरं तापवतोस काय रे? लाव की दार!"

ऑर्व्हल रस्त्याकडे बघत म्हणे, "नको. कुणी ठोकलं तर?"